तपासून योग्य आढळले

मामाची सही दिसली की मेगरबाईच्या कपाळावर आठी पडायची. सही मोठी झोकदार होती. सुरुवातीला एक भलंमोठं वेटोळं, मध्ये दोन-तीन अक्षरं असावीत अशी नुसती शंका, आणि शेवटी कागदाच्या कडेपर्यंत फरफटत गेलेली शेपटी. "या माणसाला एवढी एकच गोष्ट येते," ती नवऱ्याला म्हणायची, "तीसुद्धा वाचता येत नाही."

मामा म्हणजे तिच्या आईचा सख्खा भाऊ, आणि बारा वर्षं तिचा मालकही. त्याच्याकडे मास्टर इलेक्ट्रिशियनचं लायसन होतं. इमारतीतलं विजेचं काम कुणीही चांगल्या वायरमनने करावं, पण ते तपासून खाली सही ठोकायचा अधिकार लायसनवाल्याचाच. त्या सहीशिवाय वीज कंपनी मीटर जोडत नाही. मामाने हे लायसन तिशीत काढलं होतं. लेखी, प्रात्यक्षिक, तोंडी, सगळ्या परीक्षा देऊन काढलं होतं म्हणे. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्याने पक्कड हातात धरली ती फक्त अक्रोड फोडायला.

मेगरबाईचं खरं नाव मामाच्या दुकानात कुणीच घेत नसे. मेगर म्हणजे तारेवरचं आवरण कुठे कमजोर झालंय, वीज कुठे गळतेय, ते सांगणारं यंत्र. ते पट्ट्याने खांद्याला अडकवून ती शिडी चढायची, आढ्याच्या पोकळीत सरपटायची, आणि प्रत्येक केबलचा आकडा आपल्या बारीक अक्षरात कागदावर उतरवायची. संध्याकाळी तो कागद दुकानात जायचा. फिरत्या खुर्चीत बसलेला मामा आकड्यांकडे ढुंकूनही न बघता "तपासून योग्य आढळले" असा शिक्का मारायचा आणि खाली ते वेटोळं काढायचा.

"मामा, निदान वाचा तरी," ती एकदा म्हणाली.

"तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात?" मामा म्हणाला. ही तारीफ आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

हे असंच चाललं असतं. पण एका हॉस्पिटलचं काम पुरं झालं आणि ते सुपूर्द करायच्या दिवशी मामा कोट घालून हजर झाला. ऑपरेशनच्या खोल्यांसाठी मेगरबाईने चार महिने राबून दोन पॅनेलं उभी केली होती. एक बाहेरच्या लाइनचं, एक जनरेटरचं. बाहेरची वीज गेली की डोळ्याची पापणी लवायच्या आत दुसरं चालू. हॉस्पिटलच्या इंजिनिअरने मामाचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. फोटो निघाला. फोटोसाठी मामा पॅनेलाला टेकून उभा राहिला आणि ओठ न हलवता मेगरबाईला म्हणाला, "अगं, यातलं जनरेटरचं कुठलं?"

"तुम्ही टेकलायत ते," ती म्हणाली.

मामा झुरळ अंगावर पडल्यासारखा बाजूला झाला.

दुसऱ्याच दिवशी तिने अर्धी सुट्टी टाकली आणि परवाना कार्यालय गाठलं. तिथल्या खिडकीत एक बाई बसायची. चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर चष्मा शोधत होती.

"डोक्यावर आहे," मेगरबाई म्हणाली.

"सगळ्यांना माझंच डोकं दिसतं," खिडकीतली बाई म्हणाली आणि चष्मा खाली ओढला. "बोला."

लायसनसाठी काय काय लागतं ते तिने एका दमात सांगितलं. वायरमनचा दाखला, तो मेगरबाईकडे होताच. लायसनवाल्याच्या हाताखाली पाच वर्षांचा अनुभव, त्याबद्दल त्याच्याच सहीचं पत्र. मग लेखी परीक्षा, त्यात पास झालात तर प्रात्यक्षिक, आणि त्याच दिवशी मंडळापुढे तोंडी.

"म्हणजे मामाची सही लागणारच," मेगरबाई म्हणाली.

"मामा असो नाहीतर काका. लायसनवाला पाहिजे."

मामाला तिने सरळ सांगितलं. त्याला आधी हसू आलं, मग ते त्याने आवरलं, मग चेहऱ्यावर माया आणली. मायेचा तो चेहरा तिला त्याच्या हसण्याहून जास्त खुपला.

"तुला कशाला लायसन? माझं आहे ना. घरचंच आहे."

"घरचं आहे, पण काम माझं आणि सही तुमची."

"मग मी कधी म्हटलं का, की काम माझं म्हणून?"

"फोटोत म्हटलंत."

मामाने खुर्ची गर्रकन फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. आठवडाभर त्याने पत्राचं नाव काढलं नाही. आज शिक्का सापडत नाही, उद्या पाठ दुखते, परवा कागद चांगला नाही. शेवटी आठव्या दिवशी एक बंद पाकीट तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "माझी भाची म्हणून जास्तच लिहिलंय."

तिने तिथेच उभं राहून पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं की सदर महिला गेली चार वर्षे दुकानात किरकोळ मदतनीस म्हणून काम करते, तिची वर्तणूक चांगली असून ती वेळेवर येते.

बारा वर्षांची चार केली होती. आणि किरकोळ! अख्ख्या गावात जिची शिडी लागली नाही अशी इमारत दाखवणं कठीण होतं, ती किरकोळ मदतनीस. मेगरबाई ओरडली नाही. तिने पत्राची घडी केली, मेगर खांद्यावरून उतरवून टेबलावर ठेवला, कारण तो दुकानाचा होता, आणि म्हणाली, "उद्यापासून मी येणार नाही. मदतनीस दुसरी बघा. वेळेवर येणारी."

"डोकं थंड झालं की येशील," मामा म्हणाला. तो बरेच दिवस याच भ्रमात होता.

खिडकीतल्या बाईने ते पत्र वाचलं आणि नाकाच्या शेंड्यावरून मेगरबाईकडे पाहिलं. "हा तुमचा सख्खा मामा?"

"दुर्दैवाने."

"मग एक करा. लायसनवाला अडून बसला तर ज्यांच्याकडे काम केलंत त्या तीन मोठ्या जागांच्या मालकांची पत्रं चालतात. काम कुणी केलं, किती वर्षं केलं, एवढं लिहायला हवं. नियम जुना आहे, कुणी वाचत नाही."

हॉस्पिटलच्या इंजिनिअरला आधी काही कळेना. "पण मास्टर तर ते कोटवाले होते," तो म्हणाला. मेगरबाईने त्याला पॅनेलापाशी नेलं, दार उघडलं आणि कुठली केबल कुठून येते ते डोळे मिटून सांगितलं. त्याने पत्र लिहिलं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने दोन पानी लिहिलं, कारण तिला लिहायला आवडायचं. शीतगृहाचा मॅनेजर मात्र पेन उघडून तसाच बसला.

"तुमचं नाव काय हो?"

सात वर्षं ती त्याच्याकडे येत होती. तिने नाव सांगितलं.

"असं होय," तो म्हणाला. "मी मेगरबाई असंच लिहिणार होतो."

अर्ज मंजूर झाला. आणि इथे मेगरबाईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. लेखी परीक्षेचा तिने अभ्यासच केला नाही. नियमांचं पुस्तक चाळलं, नाक मुरडलं आणि फळीवर टाकलं. परीक्षेच्या हॉलमध्ये आजूबाजूला इस्त्रीच्या शर्टातले तरुण घडाघडा आकडे पुटपुटत होते. यांच्यातल्या अर्ध्यांनी जिवंत तार कधी पाहिली नसेल, ती मनात म्हणाली, आणि प्रश्नपत्रिका अशी उचलली की जणू कुणाचा घाणेरडा रुमाल.

पंपाच्या मोटरला किती जाडीची केबल वापराल, असा एक प्रश्न होता. खाली चार पर्याय. तिने एकावरही खूण केली नाही. समासात लिहिलं: "मोटर पॅनेलपासून किती लांब आहे ते न सांगता हा प्रश्न विचारणारा माणूस मोटर जाळणार." पुढे अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल विचारलं होतं. तिने लिहिलं: "आधी माती दाखवा." अशा अकरा ठिकाणी तिने परीक्षकाची अक्कल काढली आणि वेळेच्या आधी पेपर देऊन ताठ मानेने बाहेर पडली.

ती नऊ गुणांनी नापास झाली.

"बाई," खिडकीतली बाई तिचा पेपर पुढे सरकवत म्हणाली, "उत्तरं द्यायची होती. परीक्षकाला नापास करायचं नव्हतं."

घरी आल्यावर ती नवऱ्यापुढे तासभर बोलत होती. पुस्तक कसं अडाण्यांनी लिहिलंय, प्रश्न कसे मूर्ख आहेत, मंडळ कसं बिनडोकांचं आहे. नवरा बस चालवायचा. तो मोजे काढत शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "मला लायसन काढताना हाताने द्यायचे इशारे पाठ करावे लागले होते. वळताना हात बाहेर काढून असा गोल फिरवायचा. वीस वर्षांत मी एकदाही फिरवला नाही. पण त्या दिवशी फिरवला ना."

"तुझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तू म्हणतेस मामा पुस्तक न उघडता सही करतो. तू पुस्तक न उघडता पेपर लिहिलास."

हे मेगरबाईला फार लागलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फळीवरून पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि त्याच्या हातात दिलं. "विचार," म्हणाली.

मग पाच महिने रोज सकाळी, तो दाढी करत असताना आणि ती डबे भरत असताना, हा पाठ चालायचा. त्याला शब्द धड वाचता येत नसत. "संवाहकाचा... छेद... म्हणजे काय गं, कंडक्टरला कापायचं?" दिवसा ती लोकांच्या घरचे पंखे, गीझर, बटणं अशी फुटकळ दुरुस्ती करायची, ज्याला कुणाची सही लागत नाही. पुस्तक वाचता वाचता एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली आणि ती तिने कुणाला सांगितली नाही. शीतगृहात तिने एक केबल पुस्तकातल्या हिशोबापेक्षा बारीक घातली होती. चालत होती, पण उन्हाळ्यात तापत असणार. ती एका रविवारी गुपचूप गेली आणि केबल बदलून आली. मॅनेजरला म्हणाली, "असंच. चाळा म्हणून."

दुसऱ्या खेपेला ती लेखी परीक्षा पास झाली. पंपाच्या प्रश्नाला तिने निमूट खूण केली. समास कोरा ठेवला. फार जड गेलं.

प्रात्यक्षिकाला तिच्या गटात चार जण होते. भिंतीवर एक नवंकोरं पॅनेल, त्यातून प्रत्येकाच्या बोर्डाला जोडणी. मोटर आधी सावकाश आणि मग पूर्ण वेगाने चालवणारा स्टार्टर दोन तासांत जोडायचा होता. परीक्षक उंच, किडकिडीत, घड्याळाकडे सारखा बघणारा. मेगरबाईला पाहून म्हणाला, "तुमच्याबरोबर कोण आलंय?"

"माझी पक्कड," ती म्हणाली.

इतर तिघे खाली मान घालून हसले. परीक्षकाने पॅनेलाचा मेन स्विच खाली ओढला. "मेन बंद केलाय. नवं पॅनेल आहे, गेल्याच महिन्यात बसवलंय, तुमचाच गट पहिला. करा सुरू."

तिघांनी कामाला हात घातला. मेगरबाईने आपला टेस्टर आधी भिंतीवरच्या चालू सॉकेटला लावला. त्यातला दिवा लागला. मग आपल्या बोर्डाच्या तारेला लावला.

तिथेही लागला.

"तुमचा वेळ चाललाय, बाई," परीक्षक म्हणाला.

"तारेत वीज आहे."

"मेन बंद आहे. तुमचा टेस्टर खराब असेल."

तिने पुन्हा सॉकेटला लावला, पुन्हा तारेला लावला. तिच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टातला एक उमेदवार पक्कड घेऊन वाकला होता. त्याच्या पकडीच्या मुठीवरचं रबर एका बाजूने फाटलेलं होतं आणि त्याची बोटं नेमकी तिथेच होती.

"हात काढ!" ती ओरडली, आणि तो ऐकेल न ऐकेल याची वाट न बघता तिने लाकडी स्टूल उचलून त्याच्या खांद्याला ढकललं. तो धाडकन मागे बसला. पक्कड लांब जाऊन पडली.

"हा काय प्रकार आहे?" परीक्षक तावातावाने पुढे आला.

"तुम्ही हात लावून बघता का?" ती म्हणाली. "मेन बंद आहे ना?"

त्याने हात लावला नाही. शिपायाला पाठवून बाहेरच्या मीटरपासूनची वीज तोडली. मग मेगरबाईने पॅनेलाचे स्क्रू काढले. आत जे दिसलं ते पाहून तिला किळस आली. वीज आणणारी फेजची तार स्विचला वळसा घालून सरळ पुढे गेली होती, आणि स्विचमध्ये घातली होती ती परतीची न्यूट्रल. खटका खाली केला की मोटर बंद पडणार, दिवा विझणार, आणि तार तशीच जिवंत राहणार.

"हे कुणी केलं?" परीक्षक घाम पुसत म्हणाला.

पॅनेलाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर दुकानाचा पत्ता, लायसनचा नंबर आणि तो शिक्का. खाली भलंमोठं वेटोळं आणि लांबलचक शेपटी. आकड्यांच्या रकान्यात मात्र एकही आकडा नव्हता. आता आकडे लिहायला तिथे कुणी उरलंच नव्हतं.

"सही वाचता येत नाही," परीक्षक म्हणाला.

"मला येते," मेगरबाई म्हणाली.

दुसऱ्या खोलीतल्या पॅनेलावर तिने स्टार्टर पाऊण तासात जोडला. दुपारी मंडळापुढे तोंडी परीक्षा. अध्यक्षबाई वयस्कर होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "लायसनधारकाला दुसऱ्याच्या कामात असा दोष आढळला तर त्याने काय करावं?"

"वीज तोडायची, फलक लावायचा, आणि त्याच दिवशी निरीक्षकाला लेखी कळवायचं."

अध्यक्षबाईंनी कोरा कागद पुढे केला. "मग लिहा."

"बाई, तो माझा मामा आहे."

"पुस्तकात नात्यांबद्दल काही लिहिलंय का?"

मेगरबाईने पुस्तक पाठ केलं होतं. नात्यांबद्दल त्यात काही नव्हतं. तिने पेन घेतलं आणि आपल्या बारीक अक्षरात पानभर लिहिलं. एकही शब्द जास्त लिहिला नाही. जास्त लिहायचा मोह फार झाला होता.

तीन आठवड्यांनी लायसन आलं. त्याच आठवड्यात मामाचं लायसन निलंबित झालं. प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा देऊन पास झाल्यास परत मिळेल, असं पत्र त्याला गेलं. आईचा फोन आला. "आपल्याच माणसाच्या पोटावर पाय दिलास गं."

"पोटावर नाही, आई. सहीवर दिला."

"तो एवढा मोठा माणूस..."

"एक पोरगा मेला असता, आई. तिथे, माझ्या शेजारी."

आई म्हणाली, "तरी तोंडी सांगायचं होतंस."

आणि मग एका रविवारी सकाळी मामा स्वतःच दारात उभा राहिला. हातात नवी वही, खिशात दोन पेनं. कोट नव्हता. कोटाशिवाय तो बराच लहान दिसत होता. भांडायला आला असेल म्हणून मेगरबाई कंबर कसून होती, पण तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तो स्टार्टर. मला शिकव."

तिला उलट बोलायला शंभर गोष्टी सुचल्या. त्यातली एकही तिने वापरली नाही, आणि हे काही चांगुलपणाने नव्हे. बघायचंच होतं तिला. तिने जेवणाच्या टेबलावर जुना स्टार्टर, तारांचे तुकडे आणि पक्कड मांडली. "सोला," म्हणाली.

मामाने तार सोलायला घेतली. आवरणाबरोबर आतलं अर्धं तांबंही तुटून आलं. दुसरी घेतली, तिचं तेच. तिसऱ्या वेळी पक्कड निसटली आणि बोटाचं कातडं निघालं.

"पक्कड उलटी धरलीय, मामा."

"आमच्या वेळी अशीच धरायचे."

"तुमच्या वेळीही वीज सुलट्याच तारेतून जायची."

नवरा दाढी करता करता बाथरूममध्ये खोकल्याचं सोंग करून हसत होता. मामा तीन रविवार आला. तिसऱ्या रविवारी त्याने सहा तारा बऱ्यापैकी सोलल्या. त्या ओळीने मांडून तो त्यांच्याकडे असा बघत राहिला की मेगरबाईला क्षणभर वाटलं, तिशीतला तो वायरमन अजून यात कुठेतरी असेल. हा माणूस एकेकाळी परीक्षा पास झाला होता. मग एके दिवशी त्याला कळलं असणार की सही पुरते.

"पुढच्या रविवारी जोडणी घेऊ," ती म्हणाली. स्वतःच्या आवाजातला मऊपणा तिला आवडला नाही.

"हो हो. जोडणी," मामा म्हणाला. वही तो टेबलावरच विसरून गेला. तिने उघडून पाहिली. पहिल्या पानावर तारीख होती. बाकी कोरी.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यापुढच्याही आला नाही. तिने फोन केला तर मामी म्हणाली, "ते कामात आहेत." कसलं काम ते कुणी सांगेना. मग एकदा शाळेच्या मीटरचं काम करून परतताना ती दुकानावरून गेली. काच पुसलेली होती. आत फिरती खुर्ची तिथेच होती, आणि खुर्चीत कोट घालून मामा बसला होता. समोर एक गिऱ्हाईक नकाशा पसरून मान डोलावत होतं. दारावर नवी पाटी लागली होती: "विद्युत सल्लागार. तीस वर्षांचा अनुभव."

सल्ला द्यायला लायसन लागत नाही. मेगरबाईने पुस्तकातले सगळे नियम मनातल्या मनात उलटसुलट चाळले, पण असा एकही नियम त्यात नव्हता. काचेतून मामाने तिला पाहिलं. त्याने हात वर केला, अगदी मायेने, आणि गिऱ्हाइकाला तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल ते तिला न ऐकताच कळलं. हिला मीच तयार केली.

ती रस्त्यावर थुंकणारी बाई नव्हती. तिने मेगरचा पट्टा खांद्यावर नीट केला. हा मेगर तिने स्वतः विकत घेतला होता. शीतगृहाचा मॅनेजर चार वाजेपर्यंतच थांबणार होता, आणि तिथे अजून नऊ केबली मोजायच्या राहिल्या होत्या.